बाकावरच्या खेळाडूवर जीव कसा लावावा

हिवाळ्यात न्यूयॉर्कला संध्याकाळी साडेसातला सुरू होणारी बास्केटबॉलची मॅच पुण्यात सकाळी सहाला लागते. नळ स्टॉपजवळच्या आमच्या सोसायटीत त्या वेळी दूधवाला, मी आणि माझा भाचा एवढेच जागे असतो. भाचा साताऱ्याहून इंजिनिअरिंगला आलाय, माझ्याकडेच राहतो, आणि एनबीएचं, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचं, वेड त्यानं घरात परत आणलं. परत म्हणते, कारण मी कॉलेजात स्वतः खेळलेय आणि गेली सत्तावीस वर्षं जिल्ह्याच्या नि कॉलेजांच्या स्पर्धांना टेबलवर बसून स्कोअरशीट लिहितेय.

मागच्या डिसेंबरात अशीच एक मॅच चालली होती. २६ पॉइंटांचा फरक, पाच मिनिटं उरलेली. त्यानं लॅपटॉप मिटायला हात पुढं केला, तो मी धरला.

"मावशी, अगं संपली मॅच."

"कुठं संपली? तो बघ, अगदी टोकाला बसलेला मुलगा आत्ता उठून वरचा शर्ट काढतोय. बस खाली."

तो बसला. त्या दिवसापासून आम्ही मॅच बझरपर्यंत बघतो. आता त्याचे हॉस्टेलवरचे मित्र रविवारी पोहे खायला येतात आणि विचारतात, की ज्याला कोच खेळवतच नाही त्याच्यात बघायचं तरी काय? त्यांच्यासाठी हे लिहितेय. ज्या कुणाला टीममधल्या शेवटच्या माणसाबद्दल कधी काही वाटलं असेल, त्यांच्यासाठीही.

आधी हिशेब

एनबीएची मॅच ४८ मिनिटांची. एका वेळी मैदानात पाचजण. म्हणजे एका टीमकडे वाटायला एकूण २४० मिनिटं असतात. टीममध्ये नेहमीच्या करारावरचे १५ खेळाडू, शिवाय 'टू-वे' करारावरचे ३ असू शकतात. चांगल्या खेळाडूंना पस्तीस-पस्तीस मिनिटं द्यायची म्हटली, की नवव्या-दहाव्या माणसाला पोचेपर्यंत पोतं रिकामं होतं. कोचला कुणाचा राग असतो असं नव्हे. वाटपच तसं आहे. नियमित मोसमात ८२ मॅच असतात. त्यातल्या प्रत्येक मॅचला जो खेळणार नाही तोसुद्धा वेळेवर येतो, पायांना पट्ट्या बांधून घेतो, घाम येईपर्यंत वॉर्म-अप करतो, समोरच्या टीमच्या सगळ्या चाली पाठ करतो आणि मग अडीच तास बसतो.

आपल्याकडे फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेचे, नियम चालतात. ४० मिनिटं, १२ खेळाडू, २०० मिनिटांचं वाटप. प्रश्न तोच.

हा हिशेब डोक्यात पक्का बसला पाहिजे. 'त्याला खेळता येत नाही म्हणून तो बसलाय' ही समजूत त्याशिवाय जात नाही. ब्रायन स्कॅलब्रिनी नावाचा लाल केसांचा एक खेळाडू होता. एनबीएत ११ मोसम काढले, कारकिर्दीची सरासरी मॅचमागं ३.१ पॉइंट. २००८ साली बोस्टन सेल्टिक्सनं विजेतेपद मिळवलं तेव्हा तो टीममध्ये होता, पण त्या प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या शेवटच्या फेऱ्यांमध्ये, एक मिनिटही मैदानात उतरला नव्हता. निवृत्तीनंतर लोक म्हणायला लागले, याला तर आम्हीही हरवू. २०१३ मध्ये बोस्टनच्या एका रेडिओ स्टेशननं तशी स्पर्धाच ठेवली. त्यातल्या सगळ्या आव्हानवीरांना त्यानं एकास एक खेळून धुतलं. तेही हौशी गल्लीबहाद्दर नव्हते, बऱ्यापैकी खेळलेली माणसं होती. बाकाचं शेवटचं टोक आणि आपण यांच्यात किती अंतर आहे ते तिथं दिसलं. भाच्याला मी ते व्हिडिओ आधी दाखवले, मग बाकीचं बोलले.

बॉक्स स्कोअर खालून वर वाचा

मॅच झाली की आकड्यांचा तक्ता येतो. सगळे जण वरून वाचतात. तुम्ही खालून सुरू करा. तळाशी काही नावांपुढं आकडेच नसतात, 'डीएनपी – कोचेस डिसिजन' एवढं लिहिलेलं असतं. खेळला नाही, कोचचा निर्णय. त्या नावांतलं एक निवडा. एकच. पाच-सहा निवडलीत तर एकाचंही नीट बघून होणार नाही.

निवडताना हसू आलं म्हणून निवडू नका. फार उंच आहे, केस विचित्र आहेत, नाव मजेशीर आहे, या गोष्टींनी ओळख व्हायला हरकत नाही, पण तिथं थांबू नका. तो इथवर कसा आला ते शोधा. टू-वे करार असेल तर तो मुलगा एनबीएची टीम आणि 'जी लीग' नावाच्या धाकट्या लीगमधली तिची टीम यांच्यात ये-जा करत असतो. मोठ्या टीमसाठी त्याला जास्तीत जास्त ५० मॅचमध्ये घेता येतं, आणि करार बदलून पूर्ण केला नाही तर प्लेऑफ खेळता येत नाही. जानेवारीत दहा-दहा दिवसांचे करार सुरू होतात. एका मोसमात एका टीमकडून असे दोनच मिळतात, त्यानंतर ठेवा नाहीतर सोडा. हे कळलं, की चौथ्या क्वार्टरमध्ये त्यानं लूज बॉलवर, कुणाच्याच हातात नसलेल्या बॉलवर, घेतलेली उडी निराळी दिसते. आपल्याकडे शाळांमध्ये अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर वर्षानुवर्षं शिकवणारी माणसं मी जवळून पाहिलीत. जून उजाडला की त्यांच्या चेहऱ्यावर जे असतं, तेच मला दहा दिवसांच्या करारावरच्या मुलाच्या चेहऱ्यावर दिसतं.

भाच्यानं विचारलं होतं, अशा मुलांचं पुढं काही होतं का? होतं कधी कधी. ॲलेक्स करूसो २०१७ मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सकडे टू-वे करारावर आला. २०२० च्या फायनलच्या सहाव्या, निर्णायक मॅचला तो सुरुवातीच्या पाचांत होता. पुढं २०२५ मध्ये ओक्लाहोमा सिटीबरोबर त्यानं दुसरं विजेतेपद घेतलं. जेरेमी लिन तर न्यूयॉर्क निक्सच्या बाकाच्या टोकाला बसायचा आणि टीममेटच्या सोफ्यावर झोपायचा. ४ फेब्रुवारी २०१२ ला त्याला वेळ मिळाला, त्यानं २५ पॉइंट केले, आणि सहा दिवसांनी लेकर्सविरुद्ध ३८.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो आंद्रे इंग्रॅम. धाकट्या लीगमध्ये दहा वर्षं खेळला. पगार पुरत नाही म्हणून मुलांना गणित शिकवायचा. १० एप्रिल २०१८ ला, बत्तिसाव्या वर्षी, लेकर्सनं त्याला पहिल्यांदा एनबीएच्या मैदानात उतरवलं. डोक्यावरचे केस पिकायला लागलेले. त्यानं १९ पॉइंट केले, लांबून मारायचे तीन पॉइंटांचे शॉट, म्हणजे थ्री, पाचांतले चार आत. लॉस एंजेलिसचं प्रेक्षागृह त्याच्या नावानं 'एमव्हीपी', म्हणजे सगळ्यात मोलाचा खेळाडू, म्हणून ओरडत होतं. टीम ती मॅच हरली, पण त्या रात्रीची हार आता फार कुणाच्या लक्षात नाही. मोसम संपायला दोन मॅच राहिल्या असताना हे घडलं. तुमचा माणूस निवडताना एवढं लक्षात ठेवा, की तुम्हाला मोसमाच्या अगदी शेवटापर्यंत बघत राहायला लागेल.

आपल्या माणसांबद्दलही सांगते. पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग २०१५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यात, ५२ वा निवडला गेला. ड्राफ्ट झालेला पहिला भारतीय तोच. डॅलसनं घेतलं, धाकट्या लीगच्या टीममध्ये खेळवलं, एनबीएच्या नियमित मोसमात तो कधी उतरला नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये भारतीय वंशाचा, कॅनडाचा, सात फूट पाच इंची सिम भुल्लर सॅक्रामेंटोकडून मैदानात आला. पहिल्या मॅचला फक्त १६ सेकंद उरली होती. एनबीएतली त्याची एकूण मिळकत तीन मॅच आणि दोन पॉइंट. त्या १६ सेकंदांसाठी मी त्या दिवशी रजा टाकली असती, पण मला ते दोन दिवसांनी कळलं. तेव्हा घरात भाचा नव्हता, सांगणारं कुणी नव्हतं.

कधी ओरडायचं, कुणासाठी ओरडायचं

हा भाग सावकाश वाचा, कारण बहुतेक चुका इथंच होतात.

मॅच हातात आली, की प्रेक्षक बाकावरच्या आवडत्या माणसाचं नाव घेऊन ओरडायला लागतात. शिकागोत स्कॅलब्रिनीसाठी हे नेहमी व्हायचं. ऑक्टोबर २०१९ मध्ये सेनेगलचा, जवळजवळ साडेसात फूट उंचीचा टॅको फॉल सेल्टिक्सबरोबर न्यूयॉर्कला गेला, तर समोरच्या टीमचे प्रेक्षकसुद्धा त्याला आत घ्या म्हणून ओरडत होते. त्या मोसमात ऑल-स्टारच्या, म्हणजे निवडक खेळाडूंच्या खास मॅचच्या, मतदानाचे पहिले आकडे आले तेव्हा पूर्व विभागाच्या फ्रंटकोर्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्यांच्या यादीत, तो सहावा होता. हे सगळं प्रेमानंच झालं असं मला वाटतं. पण मोठ्यांदा नाव घेण्याचे दोन प्रकार असतात आणि दोन्हींचा आवाज सारखाच येतो.

दुसरा प्रकार डार्को मिलिचिचच्या वाट्याला आला. सर्बियाचा अठरा वर्षांचा मुलगा. २००३ च्या ड्राफ्टमध्ये लेब्रॉन जेम्सच्या पाठोपाठ दुसरा. कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश आणि ड्वेन वेड हे तिघं त्याच्यानंतर निवडले गेले. डेट्रॉइटची टीम तेव्हा इतकी भक्कम होती, की पुढच्याच वर्षी विजेतेपद मिळालं आणि या मुलाला खेळायला जागाच उरली नाही. मॅच जिंकल्यात जमा झाली की घरचे प्रेक्षक त्याच्या नावाचा गजर करायचे. त्याचं नाव पडलं 'विजयाचा सिगार'. बोस्टनचा जुना कोच रेड ऑअरबाख विजय नक्की झाला की बाकावर बसूनच सिगार पेटवायचा, त्यावरून. म्हणजे तो मुलगा आत आला, की त्याचा अर्थ एवढाच, की आता काही फरक पडत नाही. घरापासून हजारो मैल लांब अठराव्या वर्षी रोज वीस हजार माणसांकडून हे ऐकणं कसं असेल, याचा मी पुष्कळ विचार केलाय. आज तो सर्बियात फळबागा करतो.

यातला फरक मला कुठल्या पुस्तकानं शिकवला नाही. १९८८ साली मी कॉलेजच्या टीममध्ये होते. तेव्हा वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ असत आणि जर्सीचे नंबर ४ ते १५. मला १५ होता. कोल्हापूरला एसटीनं जाऊन तीन मॅच बाकावर बसून परत आले होते. त्यानंतर घरच्या मैदानावर एक मॅच होती. आम्ही पुष्कळ पुढं होतो, तीन-चार मिनिटं राहिली होती. मागं बसलेल्या मुलींनी टाळ्यांच्या ठेक्यावर सुरू केलं, "पंधराला घ्या, पंधराला घ्या!" त्यात हसणं होतं. सरांनी मला उठवलं. उठताना माझे कान तापले होते.

आमच्या मैदानाची देखभाल करणारे एक मामा होते. मुरमाच्या कोर्टावर रोज चुन्याच्या रेषा तेच आखायचे. प्रॅक्टिस संपली की मी रोज अर्धा तास डाव्या कोपऱ्यातून शॉट मारत थांबायची. मामा तेव्हा पाण्याचा पाइप घेऊन मैदान मारत असायचे. एरवी कधी काही बोलले नव्हते. मी आत गेले, आणि त्या सगळ्या गलक्यातून त्यांचा आवाज आला, "तिला डाव्या कोपऱ्यात द्या गं!"

बॉल आला. मी मारला. रिंगवर आपटून बाहेर गेला. मामा म्हणाले, "हात बरोबर होता."

एवढीच गोष्ट. मुली माझ्या नंबरानं ओरडत होत्या. मामांना माझी जागा माहीत होती. म्हणून भाच्याला मी एक नियम घालून दिलाय. ज्याच्यासाठी ओरडायचं, तो मैदानात नेमका कुठून काय करतो हे तुला सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर आधी त्याच्या जी लीगच्या चार मॅच बघ, मग ओरड. पुरुषोत्तम करंडकाला भरत नाट्य मंदिरात 'अरे आवाज कुणाचा' घुमतं, तेव्हा ओरडणाऱ्या पोरांना आपल्या एकांकिकेत प्रकाशाची कळ कोण दाबतंय तेही ठाऊक असतं. तसं ठाऊक हवं.

वेळेचंही भान ठेवा. फरक वीसच्या पुढं आणि तीन-चार मिनिटंच शिल्लक, तेव्हा नाव घ्यायला हरकत नाही. मॅच अटीतटीची असताना घेऊ नका. त्या वेळी कोचच्या डोक्यात वेगळी गणितं असतात आणि तुमच्या ओरडण्यानं बाकावरचा मुलगा अवघडतो. तो टीमचा माणूस आहे, त्याला ती मॅच जिंकायची असते. आणि आपली टीम हरत असताना कोचवर राग काढायला म्हणून तर त्याचं नाव कधीच वापरू नका.

शेवटचे चोवीस सेकंद

हे फारसं कुणी सांगत नाही. शॉट क्लॉक, म्हणजे बॉल मिळाल्यावर शॉट मारायची मुदत मोजणारं घड्याळ, २४ सेकंदांचं असतं. मॅच संपायला त्याहून कमी वेळ उरला आणि बॉल पुढं असलेल्या टीमकडे असेल, तर रिवाज असा आहे, की बॉल हातात धरून किंवा जागेवर टप्पे देत वेळ संपू द्यायची. हरलेल्यावर आणखी दोन पॉइंट चढवायचे नाहीत. नेमका त्याच वेळी तुमचा माणूस मैदानात असतो, बॉल त्याच्याच हातात असतो आणि समोर कुणी आडवं येत नसतं. सगळे ओरडतात, "मार! मार!"

मारला तर समोरची टीम चिडते, त्याचेच सीनियर त्याला बोलतात. नाही मारला तर पुन्हा महिनाभर बॉल दिसणार नाही. त्या पोराच्या जागी स्वतःला ठेवून बघा. म्हणून त्या चोवीस सेकंदांत 'मार' म्हणू नका. नुसत्या टाळ्या वाजवा. त्याआधीच्या दोन-तीन मिनिटांत मात्र खुशाल म्हणा, तेव्हा त्यानं मारलाच पाहिजे.

नियम मोडून प्रेम मिळवणारेही असतात. सर्बियाचाच बोबान मर्यानोविच, सात फूट चार इंच, जाईल तिथला लाडका. एप्रिल २०२४ मध्ये तो ह्यूस्टनकडून क्लिपर्सच्या मैदानावर खेळत होता. तिथं योजना अशी होती, की पाहुण्या टीमच्या खेळाडूनं चौथ्या क्वार्टरमध्ये लागोपाठ दोन फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल मिळणारे मोकळे शॉट, चुकवले तर सगळ्या प्रेक्षकांना चिकन सँडविच फुकट. त्याचा पहिला चुकला. त्यानं प्रेक्षकांकडे बघून स्वतःकडे बोट दाखवलं आणि दुसरा मुद्दाम चुकवला. माझी कडक शिस्तीतली स्कोअररची नजर आहे, फ्री थ्रो मुद्दाम चुकवणं मला एरवी सहन होत नाही. पण ही क्लिप मी कितीदा बघितली असेल.

पुण्यात प्रत्यक्ष कसं बघायचं

टीव्हीवर बाक फार दिसत नाही. कॅमेरा बॉलच्या मागं धावतो. म्हणून प्रत्यक्ष मॅचला जा. डेक्कन जिमखान्याच्या कोर्टवर संध्याकाळी डोकावा, आंतरकॉलेज स्पर्धा कुठं आहेत विचारा, बालेवाडीला काही असलं तर तिकडं जा. बहुतेक मॅचना तिकीट नसतं. मोठ्या मॅचची वाट बघत बसू नका. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये सॅक्रामेंटो आणि इंडियाना मुंबईत वरळीच्या डोममध्ये दोन मॅच खेळले. मी दुसरीला गेले होते, सकाळच्या गाडीनं, डबा घेऊन. इंडियानानं १३० विरुद्ध १०६ अशी जिंकली. फरक वाढल्यावर शेवटची मुलं उतरली आणि माझ्या रांगेतली कितीतरी माणसं त्याच वेळी टॅक्सी मिळणार नाही म्हणून उठली. एवढे पैसे भरून आलेली माणसं. तेव्हा पहिली सूचना हीच, की बझर होईपर्यंत जागा सोडायची नाही.

बसायचं कुठं? बाकाच्या मागं नाही, समोरच्या बाजूला. पाठी बघून काही कळत नाही, चेहरे दिसले पाहिजेत. मॅचच्या अर्धा तास आधी पोचा. लेअपच्या, म्हणजे पळत जाऊन रिंगजवळून बॉल टाकायच्या, रांगेत कोण प्रत्येकाला हात देतो, कोण दुसऱ्याचे बॉल गोळा करून परत पाठवतो, ते तेव्हा दिसतं. टाइमआउट झाला की कोण सगळ्यात आधी उठून आपली खुर्ची मोकळी करतो ते बघा. सर पाटीवर आखत असताना कोण मान पुढं घालून वाचतो आणि कोण प्रेक्षकांत बघतो, तेही बघा. दुसऱ्यातलाच एखादा तुम्हाला आवडला असेल तर आवडू दे, पण पहिल्याकडे लक्ष ठेवा. आणि ऐका. चांगला बाकावरचा खेळाडू सतत बोलत असतो. "स्क्रीन डावीकडून!" "मागं, मागं!" "आठ सेकंद!" मैदानातल्या मुलाला पाठीमागचं दिसत नाही, ते याला दिसत असतं. १९८० च्या दशकात सेल्टिक्सचा एम. एल. कार बाकावरून टॉवेल फिरवायचा ते लोकांना आठवतं. मला त्या टॉवेलपेक्षा हे आठ सेकंद मोलाचे वाटतात.

मायामीचा युडोनिस हॅसलम शेवटची काही वर्षं जवळजवळ हेच काम करत होता. एकाच टीमकडून २० मोसम, त्यातले शेवटचे बहुतेक बाकावरच. ज्याला पुढं कोच म्हणतील अशी जरब. २०२३ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, नियमित मोसमाच्या शेवटच्या मॅचला त्याला भरपूर वेळ मिळाला तर गड्यानं २४ पॉइंट केले. पुढच्या जानेवारीत त्याची ४० नंबरची जर्सी टीमनं कायमची निवृत्त केली.

एक विनंती टेबलवरून. नाव, नंबर विचारायला मॅच चालू असताना स्कोअररकडे येऊ नका. आम्हाला मान वर करायला सवड नसते. हाफ टाइमला या, मी शीट दाखवते. तिथं प्रत्येक नावापुढं एक बारीक चौकोन असतो. सुरुवातीच्या पाचांपुढं कोच फुली मारतात, मॅच सुरू होताना आम्ही तिच्याभोवती लाल गोल करतो. नंतर बदली म्हणून जो पहिल्यांदा आत येतो, त्याला नुसती फुली, गोल नाही. काही चौकोन शेवटपर्यंत कोरे राहतात. तुमचा माणूस त्यातच सापडेल.

मॅच संपल्यावर

परवाच्या जानेवारीत सोळा वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा होती. एका टीमचा चौदा नंबर चार मॅच कोराच राहिला होता. पाचवीला, एक मिनिट बारा सेकंद उरलेले असताना, सरांनी त्याला टेबलकडे पाठवलं. माझ्यासमोर बदलीच्या खुर्चीवर येऊन बसला तेव्हा त्याचा डावा बूट सुटलेला होता. लेस बांधताना बोटं थरथरत होती. टेबलवरच्या माणसानं कुणाची बाजू घ्यायची नसते, मी काही बोलले नाही. हॉर्न झाला, तो आत गेला. बॉल त्याच्याकडे एकदाही आला नाही. पण दुसऱ्याच पझेशनला त्यानं कोपऱ्यातल्या मुलासाठी एक स्क्रीन लावला, म्हणजे त्याला अडवणाऱ्याची वाट स्वतःच्या अंगानं रोखली, दोन्ही पाय जमिनीत रोवून, छातीवर धक्का घेत, तसूभर न हलता. त्यावर थ्री पडला. टाळ्या मारणाऱ्याला मिळाल्या. शीटवर स्क्रीन लिहायला जागा नसते.

मॅचनंतर त्याच्याभोवती घरची माणसं होती. "पुढच्या वेळी देतील हं चान्स," असं काका म्हणत होते. हे म्हणू नका. तुम्हाला काय माहीत, देतील की नाही? त्यालाही ठाऊक असतं, की तुम्हाला माहीत नाही. "बॉलच दिला नाही रे तुला कुणी," हेही नको. त्यानं टीममेट वाईट ठरतात आणि उद्या त्याला त्यांच्यातच बसायचं असतं.

जे पाहिलंत ते सांगा. शीटवर सह्या झाल्या, माझं काम संपलं, मग मी त्याच्याकडे गेले. म्हटलं, "त्या थ्रीच्या आधीचा स्क्रीन तुझा होता. हलला नाहीस अजिबात."

तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही बघितलं?"

"समोरच बसले होते."

मग तो त्याच्या कामाला लागला. आपल्याकडे बाकाखालच्या पाण्याच्या बाटल्या गोळा करायचं काम बहुतेक वेळा त्या टोकाच्या मुलाकडेच येतं. बारा जणांच्या बाटल्या, दोन टॉवेल, बॉलची जाळी. तुम्ही तिथं असाल तर जाळी उचलायला हात लावा. सात बॉलची जाळी एकट्यानं जिन्यावरून न्यायला अवघड असते.